विचारून करत जा

"आई, पाणी पिऊ?"

संध्याकाळपासून हे तिसऱ्यांदा. आधी, चप्पल आत ठेवू का. मग, आजीला हाक मारू का. आता पाणी. 7 वर्षांच्या पोरानं आपल्याच घरात माठापाशी उभं राहून पाणी प्यायची परवानगी मागायची?

काल कामावरून आले, डोकं ठणकत होतं, जरा आडवी झाले. उठून बघते तर ओट्यावर बिडाचा तवा, राखाडी, बोडका. साबण लावून तारेच्या घासणीनं घासलेला. "किती काळा होता ना! तुझ्यासाठी पांढरा केला." शर्ट ओलाचिंब, बोटं सोललेली. बोटं मला नंतर दिसली.

सासूबाईंचा तवा तो. वर्षानुवर्षं तेल पिऊन, तापून तो काळा थर धरतो, म्हणून तर घावन अलगद सुटतं. मी नको नको ते बोलले. शेवटी, "काही करायचं तर विचारून करत जा!"

आता विचारतोय.

त्या वेळी मला माझंच वाईट वाटत होतं. दिवसभर राबायचं, घरी येऊन निस्तरायचं. थंडीत तुळशीला गार लागू नये म्हणून यानं तिला कढत पाणी घातलं, तेव्हाही नवी तुळस मीच आणून लावली. हे इथे असते तर... ते राहू दे.

पण पाणी? पाण्यासाठीही विचारावं, इतकं मी काय बोलले?

सकाळपर्यंत तव्यावर गंज चढला होता. सासूबाईंनी चकार शब्द काढला नाही. जाड मिठानं गंज काढला, तवा धुऊन विस्तवावर कोरडा केला, खोबरेल चोळलं, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवत राहिल्या. तापव, तेल लाव, निवू दे, परत तापव. 4 वेळा. तरी पहिलं घावन चिकटलंच. उलथन्यानं खरवडून काढलं, चिंध्या झाल्या. दुसरंही तसंच. त्या चिंध्या त्यानं गुळाच्या रसात बुडवून मुकाट खाल्ल्या आणि मग मला विचारलं, "अजून एक घेऊ?"

घे रे राजा. सगळी घे.

पोरगं तुळशीला ऊन पाणी घालणारं आहे. पुढेही घालणार. कुंड्या मी भरत राहीन, त्याला काय.

आत्ता स्वयंपाकघरात काहीतरी खुडबुड चाललीय. स्टूल सरकवल्याचा आवाज आला. डबा उघडला वाटतं. मला विचारलेलं नाही.

मी उठत नाही.