ओटीपोटाच्या शिरा आणि 'सगळं नॉर्मल' असलेला रिपोर्ट

मी शाळेत शिकवते, म्हणजे दिवसभर उभंच. धाकट्याच्या बाळंतपणानंतर ओटीपोटात डावीकडे जडपणा सुरू झाला. सकाळी काही नाही, मधल्या सुट्टीनंतर ओढ लागायची आणि घरी येऊन आडवं पडलं की कमी. पाळीच्या आधी तर विचारूच नका, आणि संबंधानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत ठणका. हे सांगायला लाज वाटते पण डॉक्टरांना सांगाच, निदानाला तेच उपयोगी पडतं.

आता सोनोग्राफी सेंटर, ज्याचा राग अजून गेलेला नाही. भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही'चा बोर्ड, त्याखाली आम्ही सगळ्या बाटल्या तोंडाला लावून बसलेल्या, आणि काउंटरवरची मुलगी दर थोड्या वेळाने सगळ्यांसमोर ओरडून विचारणार, "ताई, प्रेशर आलं का?" प्रेशर येऊन जीव जायची वेळ आली तरी नंबर नाही. आत गेल्यावर डॉक्टरांनी स्क्रीनवरून मान न वळवता मशीन पोटावर फिरवलं. मी म्हटलं, सर, उभं राहिलं की दुखतं, झोपल्यावर नाही. तर म्हणे, "चिठ्ठीवर यूएसजी पेल्व्हिस (म्हणजे ओटीपोटाची साधी सोनोग्राफी) लिहिलंय, तेवढंच करतो." रिपोर्ट: सगळं नॉर्मल. तो कागद घेऊन जाल तिथे मग गॅस, टेन्शन, कॅल्शियम, आणि एका ठिकाणी तर थेट "दोन मुलं झालीत ना, पिशवी काढून टाकू". पिशवीत काही नाही असं रिपोर्टमध्येच लिहिलंय आणि काढायची का?

शेवटी एका गायनॅक मॅडमनी नीट ऐकून घेतलं. ओव्हरीची डावी शीर वर जाऊन किडनीच्या शिरेला मिळते, गरोदरपणात ती ताणते, आतल्या झडपा निकामी झाल्या की रक्त उलटं खाली येऊन साचतं. पायाला व्हेरिकोज व्हेन्स होतात तसंच, फक्त पोटात. आणि झोपलं की या शिरा रिकाम्या होतात, म्हणून झोपवून केलेल्या साध्या सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसतच नाहीत!! त्यांनी डॉपलर लिहून दिला, म्हणजे शिरेत रक्त कुठल्या दिशेने वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी.

परत तेच सेंटर, कारण घराजवळ तेच. "डॉपलरवाले सर गुरुवारी." गुरुवारी रजा टाकून गेले, पैसे भरले, आत घेतलं आणि बाई म्हणते सलवार गुडघ्याच्या वर घ्या. पायाचा डॉपलर! पावतीही पायाचीच फाडलेली. मी चिठ्ठी दाखवली तर "असा पोटाचा आमच्याकडे होत नाही", आणि पैसे परत मागितले तर "सरांना विचारून सांगते". अजून विचारतायत.

म्हणून चिठ्ठीवर शब्द पूर्ण लिहून घ्या: आतून (योनीमार्गातून) सोनोग्राफी, कलर डॉपलर, ओव्हेरियन व्हेन, श्वास रोखून जोर देऊन आणि उभं राहूनही. आणि जायच्या आधी फोन करून विचारा असा करता का. दुसऱ्या सेंटरला तिथल्या सोनोग्राफीच्या मॅडमनी लघवीला जाऊन यायला सांगितलं (आतून करताना ब्लॅडर रिकामं लागतं), जोर द्यायला लावला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं, शीर ८ मिलिमीटर, साधारण ६ च्या वर गेली की संशय घेतात, आणि रक्त उलटं खाली येतंय. मला रडूच आलं, आजार निघाला म्हणून आनंद झालेली मीच असेन.

पुढचं पटकन झालं. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं (स्क्रीनवर बघत शिरेतून नळी घालून उपचार करणारे डॉक्टर), मोठ्या शहरात मिळतात, मी पुण्याला गेले. मानेतल्या शिरेतून बारीक नळी, फक्त तिथेच भूल, डाय (शिरा स्क्रीनवर दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) सोडला की अंग गरम होतं, मग खराब शिरेत औषधाचा फेस आणि कॉइल (धातूची बारीक स्प्रिंग) टाकून ती बंद करतात. टाका नाही. एक रात्र ठेवलं. नंतर काही दिवस पाळीसारख्या कळा आल्या, आणि फरक हळूहळू पडला, आठवड्यांचा हिशोब धरा, लगेच नाही. सगळ्यांचं शंभर टक्के जातं असंही नाही.

हो, एक राहिलंच, आधी सीटी किंवा एमआरआय करून किडनीची शीर किंवा डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर कुठे दाबली जात नाही ना ते बघून घ्यायला सांगा, तसं असेल तर उपचार बदलतो. डायच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात आणि प्रेग्नन्सी टेस्टही करतात. आणि कॉइलचं कार्ड मागून घ्या, पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर ते विचारतात. मी डिस्चार्जच्या फाइललाच स्टेपल केलंय.