एवढा पाऊस, आणि पीक एकच?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कॅनडातल्या रेजायनात बारा मिलिमीटर पाऊस पडला. त्या रविवारी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या माहेरी जेवायला गेले होते. शहरापासून तासाभरावर त्यांची गव्हाची आणि मसुराची शेती आहे. तिचे वडील सत्तरी ओलांडलेले. अंगणातल्या खांबावरची काचेची नळी बघून ते आत आले आणि दारातूनच, दहावीचा निकाल सांगावा तसं म्हणाले, "बारा!" सगळ्यांचे चेहरे उजळले. मैत्रिणीच्या आईने तर भावाला लगेच फोन लावला, त्यांच्याकडे किती झाला ते विचारायला.

मग त्यांनी मला विचारलं, तुमच्या गावाला वर्षाचा किती पडतो? मी म्हटलं, अडीच हजार. त्यांना वाटलं माझं एक शून्य चुकलं. रेजायनाचा वर्षाचा पाऊस, बर्फ वितळवून धरलं तरी, ३९० मिमीच्या आसपास. मी त्यांना २६ जुलै २००५ सांगितला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी, म्हणजे त्यांचा जवळजवळ अडीच वर्षांचा पाऊस. त्या रात्री मी ठाण्यात, नौपाड्याच्या घरात बाबांची वाट बघत बसले होते, तेही सांगितलं. ते गप्प झाले. आणि मग अगदी साध्या कुतूहलाने त्यांनी विचारलं, "मग वर्षाला पिकं किती घेता?"

एक, मी म्हटलं.

"एकच? एवढं पाणी असून?"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या 'एकच'ने माझी झोप घालवली. माझं आजोळ मुरबाड तालुक्यातलं, माळशेजच्या पायथ्याचं. आजी, मामा, मामी यांना आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चिखलात दिवसदिवस वाकलेलं मी पाहिलंय. पाण्यात पाय कुजतात, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात. त्या माणसांना कोणी आळशी म्हणतंय असं मला वाटलं. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देते.

अडीच हजार मिमी हा आकडाच फसवा आहे. तो वर्षाचा पाऊस नाही, चार महिन्यांचा आहे. आर्द्रा ते उत्तरा या काळात आभाळ फाटतं आणि दिवाळीनंतर मे संपेपर्यंत जवळजवळ काहीच नाही. शिवाय आपली जमीन उताराची. मातीचा थर पातळ, खाली कातळ. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी काळू नदीतून, उल्हासातून बघता बघता खाडीला मिळतं. बांध घालून खाचरात अडवलं तेवढंच आपलं. म्हणून तर भात. उभ्या पाण्यात गहू कुजतो, ज्वारी कुजते, बाजरीचं तर नावच नको. भातालाच मुळाशी हवा पोचवण्याची सोय आहे, म्हणून ते त्या पाण्यात उभं राहतं. त्यातही मामा कुठल्या खाचरात काय लावायचं ते बरोबर ओळखतो. वरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरांत लवकर पिकणारं हळवं भात, खालच्या पाणथळीत उशिरा पिकणारं गरवं. वरकसावर, म्हणजे उताराच्या माळावर, नाचणी आणि वरई, कारण तिथे पाणी थांबतच नाही. अडीच एकरांत एवढे प्रकार. साठ पावलांत पिकाची जात बदलते. हे त्या सपाट मुलखात दिसणार नाही, तिथे सरासरी शेत १७०० एकरांच्या पुढचं असतं.

भात निघालं की गहू का नाही? गव्हाला फुटवे यायला थंडी लागते आणि कोकणपट्टीतली थंडी म्हणजे पहाटेपुरती शाल. भाताची चिखलणी केलेली जमीन सुकली की विटेसारखी होते. उरलेल्या ओलीवर वाल येतो, कुठे हरभरा. (वाल तर येतोच, तेव्हा 'एकच' हेही तसं खरं नव्हतं. पण त्या वेळी मला ते सुचलं नाही.) कालव्याचं पाणी असेल तिथे उन्हाळी भातही होतं. पण धरणं आपल्या जिल्ह्यात आणि पाणी शहरांना. भातसा, तानसा, मोडकसागरचं पाणी मुंबईला जातं आणि शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. ठाण्यातल्या आमच्या नळालाही भातसाचंच पाणी येतं. त्या पाण्यावर मी वाढले, शिकले, परदेशी गेले. आमच्यासारख्या घरांनी ते पाणी वापरलं नसतं तर ते शेताला मिळालं असतंच असं नाही, असं मी स्वतःला सांगते. कालवे काढायचे होते, ते ज्यांनी काढायचे त्यांनी काढले नाहीत. पण हे जेवणाच्या टेबलावर परक्या माणसाला सांगणं मला जमलं नाही.

उशिरा लक्षात आलेली गोष्ट ही, की पीक तेही एकच घेतात! मे महिन्यात पेरणी, ऑगस्ट अखेर ते सप्टेंबरात कापणी, की संपलं. पुढे जमीन दगडासारखी गोठते. आपल्याला आठ महिन्यांचा कोरडेपणा थांबवतो, त्यांना थंडी. बिनकडाक्याचे दिवस चार महिनेही धड मिळत नाहीत. तेवढ्यात जूनचा पाऊस आणि सोळा तासांचं ऊन पदरात पाडून गहू पिकवायचा. हे त्यांना मी नंतर बोलून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, खरंय.

त्यांच्या कष्टाचं मला कौतुकच आहे. थेंबाचा एवढा हिशेब मी कुठे पाहिला नव्हता. गहू कापताना ते खुंट उभे ठेवतात. हिवाळ्यात वाऱ्याने उडणारं बर्फ त्या खुंटांत अडकतं आणि वसंतात तिथेच जिरतं. जमीन नांगरत नाहीत, मातीला चीर पाडून त्यातच बी सोडतात, म्हणजे ओल उडत नाही. ही शहाणीव स्वस्तात आलेली नाही. १९३०च्या दशकात नांगरलेली माती वाऱ्याने ढगासारखी उडाली आणि कुटुंबंच्या कुटुंबं गाव सोडून गेली. पूर्वी तर एक वर्ष पेरायचं, एक वर्ष रान मोकळं ठेवून ओल साठवायची, अशी रीत होती.

हे ऐकलं आणि मला सोलापूरकडचं मंगळवेढं आठवलं. तिथली काळी जमीन पावसाळाभर मोकळी ठेवतात, हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस मुरू देतात आणि मग शाळू पेरतात. पुढे थंडीतल्या दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर ज्वारी पोसते. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' हे तिथल्या माणसाला कळतं तसं आम्हा ठाणेकरांना कळत नाही. स्वातीचा पाऊस आमच्या कापलेल्या भातावर पडतो आणि लोंब्यांना मोड आणतो. रेजायनाभोवतीची मातीही तशीच भारी, चिकट, उन्हात भेगाळणारी. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं खरं नातं मंगळवेढ्याशी आहे, माझ्या मामाशी नाही. दोघांना समोरासमोर बसवलं तर भाषा न कळताही गप्पा होतील.

लांब कशाला जायचं? कल्याणहून आळेफाट्याची एसटी पकडा. मुरबाड सोडेपर्यंत दोन्हीकडे भाताची खाचरं, माळशेजला धुकं, धबधबे, खिडकीतून आत येणारं पाणी. घाट चढून ओतूरच्या पुढे गेलात की रस्ता कोरडा आणि शेतात बाजरी. ढग तेच, पण सह्याद्रीवर चढताना रिकामे झालेले. तासाभरात भाकरीचं पीठ बदलतं.

एक गोष्ट मी त्यांना मुद्दाम सांगितली आणि सांगताना मला अभिमान वाटला. तिकडचा जुना गहू रेड फाइफ. तो उशिरा पिकायचा आणि सप्टेंबरच्या कडाक्यात सापडायचा. १८९२ साली त्याचा संकर 'हार्ड रेड कलकत्ता' या भारतीय गव्हाशी केला. आपला गहू मार्चचं ऊन चढायच्या आत पिकून मोकळा होणारा. तो घाईचा गुण संकरात उतरला, त्यातून चार्ल्स साँडर्स यांनी 'मार्किस' निवडला आणि १९२०च्या सुमारास प्रेअरीतल्या बहुतेक गव्हाच्या शेतांत मार्किसच उभा होता. आपल्या उन्हाळ्याने त्यांना थंडीपासून वाचवलं. त्यांच्या वडिलांनी मार्किस पेरला होता, पण त्यात कलकत्ता आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. निघताना त्यांनी मला एक प्लास्टिकचं पर्जन्यमापक दिलं, तुझ्या मामासाठी म्हणून. १५० मिमीपर्यंत खुणा असलेलं. त्यांना ते एका पावसाला कधी अपुरं पडलेलं नाही.

जुलैत सुट्टीवर ठाण्याला आले आणि दुसऱ्याच दिवशी मुरबाड गाठलं. मामाने गोठ्याच्या खांबाला ते बांधलं. मी दोन दिवस आवणीला उतरले. रोपांच्या मुठी पोचवल्या, थोडी लावली, तिसऱ्या दिवशी कंबर धरली. मामा म्हणाला, "बाय, तू बांधावर बस, बोलत राहा, तेवढं बस." पुढच्या वर्षी माणसं कुठून आणायची, हा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. मी तिकडून मजुरीचे पैसे पाठवते. ते लागतातच.

चौथ्या सकाळी पर्जन्यमापक काठोकाठ भरलेलं होतं. किती पडला ते कळायला मार्ग नव्हता. तेव्हापासून मामी ते सकाळ-संध्याकाळ ओतते आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहिते. मी ते आकडे तिकडे पाठवते.

काल रात्री ठाण्याहून फोन केला. पाऊस किती, म्हणून विचारलं.

"कुठला पाऊस?" मामी म्हणाली. "बाराच पडला. उघडीप होती, खत टाकून घेतलं."