राहत्या घराची दुरुस्ती: आमची वाटचाल

आमचं काम आधी सुरू झालं, व्यवसाय नंतर. मी वाहनांच्या वायरिंगची कामं करायचे, नवरा सुतारकाम. दोघांनी मिळून एक जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी मोठी गाडी घेतली, राहण्याजोगी केली आणि भाड्याचं घर सोडलं. मुक्काम कुठेही असो, शेजारच्या गाडीतून कोणीतरी यायचंच. कोणाचा पाण्याचा पंप बंद, कोणाचे दिवे मंद, कोणाच्या कपाटामागे ओल. सुरुवातीला हा सगळा शेजारधर्म होता. पुढे लोक आमचा मुक्काम विचारून मुद्दाम येऊ लागले, तेव्हा पावतीपुस्तक छापून घेतलं.

गाड्या दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. पण जो मोटरहोममध्येच राहतो त्याला गाडी गॅरेजमध्ये टाकून जाता येत नाही. बिछाना, शेगडी, कपडे, बऱ्याचदा पोटापाण्याचं कामही आतच. गाडी आठवडाभर दिली की माणूस आठवडाभर उघड्यावर. म्हणून पहिल्यापासून आम्ही एक शिस्त पाळली: दिवसा काहीही उघडा, पण रात्री दिवा लागला पाहिजे, नळाला पाणी आलं पाहिजे आणि छप्पर बंद पाहिजे.

ऐकायला सोपं वाटतं, पण आमचं सगळं वेळापत्रक यावरच ठरतं. टपावर नवी खिडकी बसवायची तर हवामान पाहून भल्या सकाळी छिद्र पाडायचं आणि त्याच दिवशी ते बुजवायचं. विजेची यंत्रणा बदलायची तर जुनी चालू ठेवून नवी तिच्या शेजारी उभी करायची, भार टाकून तपासायची आणि मगच जुनी काढायची. याला वेळ जास्त लागतो, त्यामुळे आमचं अंदाजपत्रक पाहून काहींच्या भुवया उंचावतात. उंचावू देत.

लिथियम बॅटऱ्यांची लाट आली तेव्हा आमचं काम एकदम वाढलं. ओढा का होता ते समजण्यासारखं आहे. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्म्याहून जास्त उतरू देऊ नये, म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या साठ्यातले ५० वापरायचे. लिथियम आयर्न फॉस्फेट या लिथियम प्रकारातून ८०-९० सहज काढता येतात आणि वजनही निम्म्याच्या आसपास. पण बहुतेकांना वाटायचं की जुनी काढली, नवी ठेवली, झालं. मी आजही आधी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र बघते. लिथियम बॅटरीचा आतला रोध फार कमी, त्यामुळे ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते. इंजिन नुसतं घुरघुरत असताना अल्टरनेटर हळू फिरतो, त्याचा पंखाही हळू, आणि नेमकं तेव्हाच त्याच्याकडून सर्वाधिक मागणी. तो तापून जळायला वेळ लागत नाही. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवला की प्रवाहाला मर्यादा येते. दुसरी गोष्ट थंडीची. सेलचं तापमान शून्य अंशाखाली असताना या बॅटऱ्या चार्ज केल्या तर आत धातुरूप लिथियमचा थर साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून बर्फाळ भागात राहणाऱ्यांची बॅटरी आम्ही बाहेरच्या पेटीतून काढून गाडीच्या आत, पलंगाखाली आणतो.

वायरच्या जाडीवरून तर दर महिन्याला कोणाशी तरी वाद होतो. २,००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर चालवायचा म्हणजे हिशेबाने १६७ अँपिअर, आणि इन्व्हर्टरची स्वतःची घट धरली तर त्याहून जास्त. एवढा प्रवाह बारीक वायरीतून नेला तर व्होल्टेज गळतं, वायर तापते आणि टोकाचा सैल लग, म्हणजे वायर जोडायची धातूची कडी, प्लास्टिक वितळवतो. फ्यूज बॅटरीपासून शक्य तितका जवळ हवा, कारण त्याच्या अलीकडचा तुकडा कोणाच्याच राखणीत नसतो. बिनफ्यूजची वायर दिसली की गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आधी ती, मग बाकीचं.

गिऱ्हाइकाने मागितलेली सुधारणा ‘आत्ता नको’ असं सांगायला आम्ही वजनकाट्यामुळे शिकलो. सोलर पॅनेल, पाण्याची मोठी टाकी, मागे सायकलींचा रॅक, वर सावलीची छत्री, असं एकेक चढत जातं. १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो. मागच्या आसाच्याही (चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) मागे लटकवलेलं वजन तर त्या आसावर स्वतःहून जास्त भार टाकतं आणि पुढची चाकं हलकी करतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत याचा अर्थ पकड कमी, स्टिअरिंग सैल. त्यामुळे मोठं काम घेण्याआधी आम्ही भरलेली गाडी काट्यावर नेऊन दोन्ही आसांचं वेगवेगळं वजन घ्यायला सांगतो. नुसतं एकूण वजन मर्यादेत असून भागत नाही. त्याच फेरीत टायरही बघून घेतो. या गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, नक्षी शाबूत आणि कडेला भेगा. टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

ओलीचं खातं नवऱ्याकडे. बॅटरीचं काम दिसतं, मिरवता येतं. ओल कोणाला मिरवायची नसते आणि गाडी मरते ती बहुधा ओलीनेच. टपाच्या सांध्यातून शिरलेलं पाणी सरळ खाली येत नाही. पत्रा आणि प्लाय यांच्यामधून सरकत ते दोन हात लांब, एखाद्या कोपऱ्यात उगवतं, तोवर आतली लाकडी चौकट भुसभुशीत झालेली असते. तो ओल मोजायचं यंत्र घेऊन भिंतीवर ठरावीक अंतराने आकडे टिपतो आणि जास्त आकड्यांचा माग काढत वर चढतो. त्याचा खरा राग सिलिकॉनवर. घाईत कोणीतरी नळी पिळून सांधा बुजवलेला असतो. त्या सिलिकॉनचा अंश राहिला तर वर दुसरं सीलंट नीट धरत नाही, म्हणून अर्धा दिवस खरवडण्यातच जातो. मग ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबराची पट्टी आणि कडेने लवचीक सीलंट. पॉलियुरेथेनचं सीलंट हवेतला दमटपणा घेऊन घट्ट होतं, त्यामुळे कोरड्या कडाक्याच्या थंडीत ते रेंगाळतं आणि आम्हीही.

धंद्याला खरा आधार मिळाला तो एका साध्या सवयीने. प्रत्येक गाडीची आम्ही वही ठेवतो. फळी बंद करण्यापूर्वी मागच्या वायरी-नळ्यांचे फोटो, फ्यूजचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आणि त्याची एक प्रत आमच्याकडे. गाडी हजार किलोमीटरवर असली तरी फोनवर सांगता येतं की डाव्या बाकाखालची तिसरी वायर हलवून बघा. कोणी म्हणालं की नळ बंद असताना पंप रात्री मध्येच घरघरतो, तर पंप बदलायला धावू नका. दाबावर चालणाऱ्या पंपाचं हे लक्षण म्हणजे बहुधा कुठेतरी बारीक गळती आहे. आधी सांध्यांना कोरडा कागद गुंडाळून बघा. असा सल्ला पूर्वी फुकट द्यायचो, आता ठरावीक शुल्क घेतो आणि कोणी कुरकुरत नाही.

सुट्या भागांची मात्र अजून ओढाताण आहे. ज्याला पत्ता नाही त्याला पार्सल कुठे मागवायचं? आम्हीही फिरतेच. म्हणून पंप, नळ उघडताच पंप चालू करणारे मायक्रोस्विच, टॉयलेटच्या कॅसेटचं (काढून रिकामी करायच्या टाकीचं) रबर, नळ्यांचे क्लॅम्प, फ्यूज एवढं कायम आमच्या गाडीत असतं. बाकीच्यासाठी दोन मुक्काम पुढचं पार्सल केंद्र ठरवून मागवतो.

गॅसच्या जोडणीला आम्ही हात लावत नाही. ते परवानाधारकाचं काम. गॅसचा अलार्म जमिनीलगत आहे की नाही एवढं मात्र बघतो, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला की खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा लागतो, एकावर दोन्ही भागवू नका.

आता हाताखाली एक मुलगी शिकते आहे. वायरिंग माझ्याकडून, सांधे नवऱ्याकडून, आणि हिशेब तिचा आमच्या दोघांपेक्षा चोख. तिने पुढच्या हंगामाच्या नोंदणीला तीन अटी घातल्यात: येताना सांडपाण्याची टाकी रिकामी हवी, पलंगाखालचं सामान आधीच काढलेलं हवं आणि वजनकाट्याची पावती सोबत हवी. तिसरी अट ऐकून निम्मे लोक फोन ठेवतात. उरलेल्यांच्या तारखा देणं चालू आहे.