नकाशात लाल दिसतं, तिथे रानपिंगळा असतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. वनरक्षक विचारतात, पक्षी बघणारे मित्र विचारतात, घरी पाहुणे आले की तेही विचारतात: खोलीत बसून संगणकावर नकाशा काढल्यावर जंगलातला पक्षी कुठे आहे हे कसं कळतं? आणि तुम्ही लाल रंगवलंय तिथे रानपिंगळा, हे दुर्मीळ छोटं घुबड, खरंच असतं का?

नसेलही. लाल रंगाचा अर्थ एवढाच, की हा पक्षी आजवर जिथे दिसला तिथली झाडी, जमीन, चढउतार, पाऊस यांच्याशी या जागेचं बरंच साम्य आहे. पत्रिका जुळली म्हणून लग्न ठरतंच असं नाही, तसंच हे. जागा योग्य असेल, पण पक्षी तिथवर कधी पोचलाच नसेल. किंवा पोचला असेल आणि आपण त्याला संपवला असेल. मॉडेल, म्हणजे नकाशामागचं संगणकाचं गणित, योग्यता सांगतं, वस्ती सांगत नाही.

हे कसं चालतं ते रानपिंगळ्यावरूनच सांगतो, कारण त्याच्याइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

१८७३ मध्ये ॲलन ह्यूम या ब्रिटिश पक्षितज्ज्ञांनी या घुबडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. तो नमुना ब्लूइट यांनी आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागातून मिळवला होता. पुढे जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात, शहादा-तळोद्याकडे, आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र पक्षी गायब. जगभरच्या संग्रहालयांत मिळून बोटांवर मोजण्याइतकी भरून ठेवलेली कातडी उरली आणि त्यांतल्या एकावर चिठ्ठी होती गुजरातेतल्या मांडवीची, साल १९१४, संग्राहक कर्नल माइनर्त्झहागेन.

ती चिठ्ठी खोटी होती. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी क्ष-किरणांपासून शिवणीच्या पद्धतीपर्यंत सगळं तपासून दाखवून दिलं, की तो डेव्हिडसननेच गोळा केलेला जुना नमुना होता. कर्नलने तो संग्रहालयातून चोरून पुन्हा भरला होता आणि नवी चिठ्ठी लावली होती. एका खोट्या चिठ्ठीने जागाही चुकवली आणि सालही तीस वर्षांनी पुढे ढकललं. ती बाजूला ठेवून उरलेल्या खऱ्या नोंदींच्या मागे गेल्यावर, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी, भर दिवसा, झाडाच्या उघड्या फांदीवर.

यात संगणक कुठेच नव्हता. पण आमच्या कामाचं मर्म इथेच आहे. मॅक्सएंट नावाचं सॉफ्टवेअर २००६ पासून जगभर वापरलं जातं. पक्षी दिसल्याच्या नोंदींचे बिंदू आणि हवामान-झाडीच्या माहितीचे थर दिले की काही मिनिटांत रंगीत नकाशा हातात येतो. त्या बिंदूंमध्ये मांडवीचा १९१४ चा बिंदू असता, तर सॉफ्टवेअरने तोही तितक्याच विश्वासाने गिळला असता आणि तिथल्या जमिनीचे गुण रानपिंगळ्याच्या आवडीनिवडीत जमा केले असते. म्हणून माझा बराचसा वेळ नकाशा काढण्यात जात नाही. नोंद कुणाची, कोणत्या सालची, जागा किती अचूक, फोटो आहे का, साध्या पिंगळ्याला रानपिंगळा तर म्हटलं नाही ना, हे बघण्यात जातो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास बिनठिपक्याचं आणि छातीवर गडद पट्टे. दुरून, उन्हाविरुद्ध, भले भले फसतात.

नोंद खरी असली तरी पुढचा पेच असतोच. माणसं रस्त्याच्या कडेने फिरतात. विश्रामगृहाजवळ, अभयारण्याच्या फाटकाजवळ, सुट्टीच्या दिवशी. या सगळ्या नोंदी जशाच्या तशा दिल्या तर मॉडेल प्रामाणिकपणे सांगतं, की या पक्ष्याला डांबरी रस्ता आवडतो. त्यावर उपाय आहेत: दाट नोंदी विरळ करायच्या, आणि नोंदींशी तुलना करायला मॉडेलला परिसरातले जे इतर बिंदू द्यायचे, तेही लोक जिथे फिरतात तिथूनच घ्यायचे. शिवाय मॉडेल तपासताना मेळघाटच्या काही नोंदी बाजूला काढून मेळघाटवरच परीक्षा घेतली, तर ते छान गुणांनी पास होतं. त्या गुणांवर माझा विश्वास नाही. मेळघाटवर शिकलेल्या मॉडेलला जळगावकडच्या यावलचं जंगल ओळखायला लावा, मग कळतं त्याला खरंच काय समजलंय.

आता ‘दिसला नाही’ याबद्दल. माझ्या मते या क्षेत्रात सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. समजा एखाद्या जंगलात रानपिंगळा आहे आणि एका फेरीत तो दिसण्याची किंवा ऐकू येण्याची शक्यता १० त ४ आहे. एका फेरीत न दिसण्याची शक्यता ०.६. सलग ३ फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे जवळपास २२ टक्के. पक्षी तिथेच राहतो, तरी दर पाच जागांमागे एखाद्या जागी आपण ‘नाही’ लिहून घरी येतो. त्या ‘नाही’वर विसंबून उद्या कुणी ते जंगल दुसऱ्या कामाला देऊन टाकतं. एकाच जागी पुन्हापुन्हा जाऊन, न दिसण्याचाही हिशेब ठेवून, वस्तीचा अंदाज काढायची रीत २००२ पासून रुळली आहे. ती वेळखाऊ आहे, पण संवर्धनाचा निर्णय घ्यायचा तर मला तीच मान्य आहे.

उपग्रहाचंही एक सांगायला हवं. सातपुड्यातला साग उन्हाळ्यापर्यंत पानं गाळून उघडा होतो. एप्रिलचं चित्र घेतलं तर उत्तम जंगलही उजाड माळासारखं दिसतं. पावसाळ्यानंतरचं घेतलं तर घाणेरीच्या झुडपांचं रानही हिरवंगार दिसतं. दोन्ही ऋतूंची चित्रं शेजारी ठेवली की जंगल थोडंफार उलगडतं. आणि रानपिंगळ्याला घरट्यासाठी लागते ती जुन्या झाडातली ढोली. ती कुठल्याच उपग्रहाला वरून दिसत नाही. झाडाखाली जाऊन मान वर करावी लागते.

२०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा सापडला, तेव्हा आमच्यासारख्यांना फार आनंद झाला आणि शिकायलाही मिळालं. तोवरच्या अलीकडच्या नोंदी सातपुड्याच्या. त्यांवर शिकलेलं मॉडेल पावसाला फार महत्त्व देऊन तानसा नाकारू शकतं, कारण सातपुड्याच्या मानाने तानसात पाऊस कितीतरी जास्त. पण सागाचं, मधूनमधून मोकळं पानगळी जंगल दोन्हीकडे आहे. सरडे, उंदीर, मोठे किडे हे त्याचं खाणंही आहे. त्यानंतर डांगातही तो मिळाला. जागा वाढल्या तसा २०१८ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’मध्ये आला. पक्षी वाढले असं त्यावरून म्हणता येत नाही, आपलं बघणं वाढलं हे नक्की.

मग या नकाशाचा उपयोग काय? थोडीच माणसं आणि थोडाच पैसा हाताशी असताना पुढच्या हिवाळ्यात कुठे शोधायचं, हे त्यावरून ठरतं. तोरणमाळ, यावल, मेळघाट यांच्या मधले कोणते तुकडे तुटले तर दोन्हीकडचे पक्षी एकमेकांना कायमचे मुकतील, हे दिसतं. आणि एका कामासाठी मी तो नकाशा कुणाला वापरू देणार नाही: लाल पट्ट्यात शेती करणाऱ्या भिल्ल, पावरा, कोरकू कुटुंबांना उठवण्यासाठी. हा पक्षी घनदाट अंधाऱ्या रानातला नाही. जंगलाच्या कडेला, मोकळ्या जागेत शिकार करतो. त्याचं नुकसान होतं ते जुनी, ढोलीची झाडं तोडल्याने आणि उरलेलं रान सरसकट साफ केल्याने. तिथल्या माणसांशी बोलून एकेक ढोलीचं झाड राखता येतं. माझ्या अनुभवात ते झाड कुठे आहे, हे त्यांनाच आधी माहीत असतं.

तुम्हाला मदत करायची असेल तर एक करा. सकाळी तीन तास फिरलात आणि रानपिंगळा दिसला नाही, तरी ती फेरी लिहून ठेवा: तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, किती चाललात, कोणते पक्षी दिसले त्यांची पूर्ण यादी. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना ‘दिसलेले सगळे पक्षी नोंदवले’ या प्रश्नाला खरं उत्तर द्या. लोक दुर्मीळ पक्ष्याचा फोटो मला लगेच पाठवतात, रिकाम्या फेऱ्या मात्र क्वचितच येतात. मला त्याही हव्या आहेत.