प्रभुदेवाचे थांबणे

१९९५ च्या गणेशोत्सवात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही सहा मुलांनी ‘मुकाबला’ हे गाणे बसवले होते. कॅसेट पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहताना लक्षात आले, की प्रभुदेवाचा वेग घाम गाळून थोडाफार जमतो, पण त्याचे थांबणे काही केल्या जमत नाही. खांदा, कोपर, मनगट असे एकेक अंग तो ठेक्यावर जागच्या जागी रोखून धरत असे आणि आम्ही मात्र तोवर पुढच्या स्टेपकडे धावलेले असू.

आज वर्तकनगरात मुलांना नाच शिकवताना मला वाटते, की ही शिस्त भरतनाट्यमची आहे. १९७३ साली म्हैसूरला जन्मलेला हा मुलगा, नृत्यदिग्दर्शक मुगूर सुंदर यांचा मुलगा, लहानपणी भरतनाट्यम शिकला होता आणि अडवू, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ हालचाली, करताना हातपाय नेमक्या जागी पोहोचून स्थिरावावेच लागतात. मायकल जॅक्सनचा प्रभाव तो स्वतःच मान्य करतो. पण तो प्रभाव ज्या अंगात उतरला, ते अंग आधीच घडलेले होते. ‘मिनसारा कनवु’ आणि ‘लक्ष्य’ या दोन चित्रपटांच्या नृत्यदिग्दर्शनासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिला चित्रपट, २००५ सालचा तेलुगू ‘नुव्वोस्तानंटे नेनोद्दंटाना’, मला आजही सर्वांत जवळचा वाटतो. लंडनमध्ये वाढलेला श्रीमंत मुलगा प्रेमापोटी खेड्यात येतो आणि मुलीच्या भावापेक्षा जास्त पीक काढून दाखवण्याची पैज घेतो. पीक वाढायला लागणारा वेळ कोणाला घाईने उरकता येत नाही, आणि नायकाला अशा प्रकारे थांबायला लावणारी गोष्ट या वेगवान नर्तकाने पहिल्याच प्रयत्नात निवडली, याचे मला फार अप्रूप आहे.

पुढे ‘वॉन्टेड’ (२००९) आणि ‘राउडी राठोड’ (२०१२) हिंदीत तुफान चालले. ते मी आवडीने पाहिले. तरी मारामारीच्या गदारोळात तो ठहराव मला क्वचितच सापडला. २०१३ मध्ये त्याने त्याच तेलुगू कथेवर हिंदीत ‘रमैया वस्तावैया’ केला, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात थिएटर गाठले होते.

माझ्या वर्गातली मुले आठ काउंटमधला सातवा नेहमी गिळतात. मग मी गाणे बंद करून ‘लक्ष्य’मधला हृतिक त्यांना आवाजाविना दाखवतो आणि तो जिथे थांबतो, तिथे टाळी द्यायला सांगतो.