लायसन रद्द झालं तेव्हा : टांझानियातला माझा अनुभव

मी टांझानियात बरीच वर्षं एका परदेशी एक्सप्लोरेशन कंपनीत, म्हणजे जमिनीत खनिज शोधणाऱ्या कंपनीत होतो, दार-एस-सलामच्या ऑफिसात अकाउंट्स आणि लायसनची कागदपत्रं बघायचो. कंपनी छोटी, नाव सांगत नाही, सांगितलं तरी कुणाला माहीत नसणार. जानेवारी २०१८ मधे एका दुपारी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर मायनिंगच्या नव्या नियमांची पीडीएफ टाकली आणि ती वाचून मी साइटवरच्या जिऑलॉजिस्टला फोन लावला, म्हटलं जरा वाच रे, मलाच उलटं कळतंय का. उलटं नव्हतं कळत. आधी दिलेली सगळी रिटेन्शन लायसन्स रद्द, हक्क परत सरकारकडे, विषय संपला.

रिटेन्शन लायसन म्हणजे काय तर तुम्ही ड्रिलिंग केलं, जमिनीत माल आहे हे दाखवलं, पण बाजारात भाव नाही म्हणून आत्ता खाण काढणं परवडत नाही, तर २०१० च्या कायद्यात जागा पाच वर्षं धरून ठेवायची सोय होती, वाढवून अजून पाच. सोनं २०११ मधे औंसला १९०० डॉलरपर्यंत गेलेलं, २०१३ संपताना १२०० च्या आसपास आलं, आमचं सगळं गणितच कोलमडलं म्हणून आम्ही ते लायसन घेतलं. सरकारचं म्हणणं, या कंपन्या जागा अडवून बसतात, खणत काहीच नाहीत. आता खरं सांगू का, हे अगदीच खोटं नव्हतं, शेवटची तीन वर्षं आमच्या साइटवर वॉचमन आणि गावातल्या शेळ्या सोडून कुणी फिरकत नव्हतं. पण लायसन त्यांनीच दिलेलं आणि दरवर्षीचं भाडंही ते घेतच होते ना.

वारं २०१७ पासूनच फिरलं होतं म्हणा. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मागुफुली, त्यांनी मार्चमधे कॉन्सन्ट्रेटची (म्हणजे खाणीतून काढून अर्धवट शुद्ध केलेल्या खनिजाची) निर्यात बंद केली, जुलैत अकॅशिया या सोन्याच्या मोठ्या खाणकंपनीला टॅक्स, व्याज, दंड धरून १९० अब्ज डॉलरचं बिल पाठवलं (अब्ज, चुकून नाही लिहिलं), त्याच महिन्यात नवे कायदे आले, खाणीत सरकारला किमान १६ टक्के हिस्सा फुकट, सोन्यावरची रॉयल्टी ४ ची ६ टक्के. आम्ही आपले म्हणत होतो की हे मोठ्यांचं भांडण, आपल्याला कोण विचारतंय.

मग लंडनचे वकील आले. त्यांचा पहिला प्रश्न खाणीबद्दल नव्हताच, मूळ कंपनी कुठल्या देशात रजिस्टर आहे हा होता, कारण त्या देशाचा टांझानियाशी गुंतवणुकीचा करार असेल तरच प्रकरण वॉशिंग्टनला जागतिक बँकेच्या लवादाकडे नेता येतं. करार होता. त्यात आधी नोटीस द्या आणि सहा महिने बोलणी करा असं होतं. त्या सहा महिन्यांत एक मीटिंग झाली, राजधानी डोडोमाला, बसने साडेचारशे किलोमीटर, समोरचे लोक अतिशय गोड, चहा दिला, सगळं लिहून घेतलं आणि ताकास तूर लागू दिली नाही.

लवाद लढायचा तर वकिलांवरच काही मिलियन डॉलर जातात, ते आमच्याकडे नव्हते. म्हणून फंडर शोधायचा, म्हणजे खर्च तो करणार आणि जिंकलो तर मोठा वाटा त्याचा. तो पैसे लावण्याआधी सगळे कागद तपासतो आणि इथेच माझं घोडं अडलं. यादी आली : लायसनच्या ओरिजिनल प्रती, भाड्याच्या पावत्या, ड्रिलिंगवाल्याची बिलं आणि प्रत्येक तिमाही रिपोर्ट सरकारला दिला त्याची पोच, शिक्क्यासकट. शिक्क्याला स्वाहिलीत मुहुरी म्हणतात, आपला मोहोरच तो, मला हे कळलं तेव्हा भारी वाटलेलं, पण त्या महिन्यांत तो शब्द ऐकला तरी पोटात गोळा यायचा. २०१२ चे दोन रिपोर्ट बिनशिक्क्याचे निघाले. फाइलिंग माझं, चूक माझी, दुसऱ्या कुणाला काय बोलणार.

आमच्याकडे कागद पोचवायचं काम एक म्झे करायचे, म्हणजे वयस्कर माणूस, तिकडे मानाने तसंच म्हणतात. रिटायर होऊन घरी बसलेले. त्यांना फोन केला तर म्हणाले, माझी वही बघितलीस का? स्टोअररूममधे प्रिंटरच्या खोक्याखाली निळ्या पुठ्ठ्याची डिलिव्हरी वही सापडली, अर्धी वाळवीने खाल्लेली, पण २०१२ ची पानं शाबूत. तारीख, काय दिलं, घेणाऱ्याची सही, आणि एका ओळीवर तर शिक्कासुद्धा, तिरका, जांभळ्या शाईचा. मी त्या पानाचे सतरा फोटो काढले असतील.

फंडरने सगळं तपासलं, कागद चोख आहेत म्हणाला आणि नाही म्हणून कळवलं. कारण रक्कम. केसवर जो खर्च होणार त्याच्या साधारण दहापट तरी दावा असावा असा त्यांचा हिशोब, आणि आमची खाण सुरूच झालेली नव्हती, म्हणजे पुढच्या नफ्यावर हक्क सांगणं कठीण, जमिनीत घातलेला खर्च तेवढा मागता येणार, आणि तो या लोकांच्या दृष्टीने चिल्लर. वही सापडली नसती तरी उत्तर हेच आलं असतं. हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं की आम्ही, पण आम्ही सगळे शिक्के शोधत बसलो. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी दाव्याचा आकडा काढा, फायली मग उघडा.

ज्यांचे दावे मोठे होते ते लढले. निकेलवाल्या इंडियाना रिसोर्सेसला २०२३ मधे लवादाने १० कोटी डॉलरच्या वर दिले आणि पुढच्या वर्षी ९ कोटींवर तडजोड झाली, विनशिअर ३ कोटींवर मिटलं, माँटेरो २.७ कोटींवर. हे आकडे वाचताना कसं वाटलं ते विचारू नका.

आमचं ऑफिस मात्र त्याच्या खूप आधी, २०१९ च्या शेवटी बंद होत होतं. खुर्च्या विकून झाल्या होत्या आणि मी जमिनीवर बसून खोकी बांधत होतो, तेव्हा डिसेंबरात सरकारची जाहिरात आली, रद्द झालेल्या लायसनच्या जागांसाठी टेंडर. मी आमचं जुनं लायसन खोक्यातून परत बाहेर काढलं आणि कोपऱ्यांचे कोऑर्डिनेट्स जुळवून बघितले. चारही बरोबर होते.