तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या टाकीचं पाणी बदलता तरी कसं?

घरी कुणी आलं की आधी प्रवाळं बघून होतात, मग माशांची नावं विचारून होतात, आणि मग हा प्रश्न येतोच: एवढ्या मोठ्या टाकीचं पाणी बदलता तरी कसं? पुण्याहून आलेली मावशी विचारते, आणि इथे न्यू जर्सीत नव्याने रीफ टँक (प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) ठेवू पाहणारी मराठी मित्रमंडळीही विचारतात. उत्तर असं, की मी पाणी उचलतच नाही. टाकी घेताना काच, दिवे, मासे या सगळ्याआधी पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार हे ठरवलं होतं. मोठ्या टाकीत याहून महत्त्वाचा निर्णय नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी हिशोब सांगतो. दिवाणखान्यातली टाकी 180 गॅलनची, म्हणजे सुमारे 680 लिटर. तिच्या बरोबर खाली बेसमेंटमध्ये दुसरी टाकी, तिला संप म्हणतात. वरचं पाणी पाइपने तिच्यात उतरतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), हीटर, पंप सगळं तिथे. दगडांनी अडवलेली जागा वजा करून एकूण पाणी 850 लिटर धरा. आठवड्याला दहावा भाग बदलायचा तर 85 लिटर. म्हणजे वीस लिटरच्या चार-पाच बादल्या बाहेर आणि तेवढ्याच आत, एकेक बादली वीस किलोची, आणि त्यात जिना. सुरुवातीला हे कुणीही हौसेने करतं. मग एखादा आठवडा राहतो, मग महिना जातो, आणि मग एकदम अर्धी टाकी बदलली जाते. प्रवाळांना बाधतं ते हे. माशांच्या घाणीतून साठणारं नायट्रेट थोडं वाढलं तर बहुतेक प्रवाळं सोसतात, पण खारटपणा, तापमान किंवा अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, dKH मध्ये मोजतात) तासाभरात बदललेली त्यांना सोसत नाही. टाकीची अल्कलिनिटी 8 आणि नव्या पाण्याची 12 असेल, तर दहावा भाग बदलून ती 8.4 होते, अर्धं पाणी बदललं तर थेट 10. तेवढ्या उडीने एक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची टोकं पांढरी पडू शकतात. म्हणून पाणी थोडं थोडं आणि नेमाने बदलावं, आणि नेम टिकायचा तर काम अंगमेहनतीचं असता कामा नये.

बेसमेंटमध्ये धुण्याच्या सिंकशेजारी 44 गॅलनची दोन पिंपं आहेत. पहिल्यात आरओ-डीआय फिल्टरचं, म्हणजे विरघळलेलं जवळजवळ सगळं काढून टाकलेलं पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, अमेरिकेत बऱ्याच गावांत क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असतं, शिवाय फॉस्फेट आणि सिलिकेट. म्हणून टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दिसेल असंच पाणी वापरायचं. पिंपाला फ्लोट व्हॉल्व्ह आहे, भरलं की आपोआप बंद होतं. जानेवारीत नळाला बर्फासारखं पाणी येतं तेव्हा फिल्टरच्या मेंब्रेनमधून (बारीक पडद्यातून) ते फार हळू झिरपतं, तेव्हा एक दिवस आधीच फिल्टर चालू करतो.

दुसऱ्या पिंपात खारं पाणी. पहिल्यातून दुसऱ्यात पंपानेच जातं. 160 लिटरला साधारण सहा किलो मीठ लागतं. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. आत एक छोटा पंप फिरत असतो, हीटर 25 अंशांवर ठेवलेला असतो. रात्रभर घुसळू द्यायचं आणि सकाळी खारटपणा मोजायचा: हजारी 35 भाग. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्याने शून्य जुळवलं तरी 35 पाशी तो चुकू शकतो.

आता प्रत्यक्ष बदल. पाणी वरच्या टाकीतून काढायचंच नाही, सगळं काम संपमध्ये. आधी हीटर बंद. पाणी उतरल्यावर उघडा पडलेला तापलेला हीटर तडकतो. मग स्किमर बंद, आणि वाफ होऊन उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र तर आठवणीने बंद. ते चालू राहिलं तर पाणी उतरलेलं पाहून ते गोडं पाणी सोडत बसतं आणि सगळ्या टाकीचा खारटपणा घसरतो. मला विचाराल तर यादीत पहिलं नाव याचं हवं. तिन्ही मी एकाच स्विचच्या पट्टीवर घेतली आहेत. मग वर पाणी चढवणाऱ्या पंपाच्या पाइपला जो टी (तीन तोंडांचा जोड) बसवला आहे, त्याचा वर जाणारा बॉल व्हॉल्व्ह बंद करायचा आणि सिंककडे जाणारा उघडायचा. तोच पंप संपमधलं पाणी सिंकमध्ये टाकतो. वरच्या टाकीची पातळी तेवढ्यात दोन-तीन सेंटिमीटर उतरते (एका सेंटिमीटरला अकरा लिटर, ते पाणी खाली येतं, तेवढी जागा संपमध्ये हवीच), पण एकही प्रवाळ उघडं पडत नाही. संपच्या भिंतीवर मार्करने दोन रेघा आहेत. खालच्या रेघेपर्यंत उतरलं की पंप थांबवायचा, खाऱ्या पिंपाचा पंप लावायचा, वरच्या रेघेपर्यंत भरायचं, व्हॉल्व्ह पुन्हा जागेवर आणि सगळं चालू. चहा उकळून होईपर्यंत काम आटोपतं.

याहून सोपं हवं असेल तर दोन तोंडांचा डोसिंग पंप (मोजून पाणी सोडणारा) मिळतो, तो दिवसभर थोडं जुनं पाणी काढतो आणि तेवढंच नवं घालतो. हळूहळू बदलताना नवं पाणीही थोडं बाहेर जातं हे खरं, पण दहा टक्क्यांच्या जागी साडेनऊ टक्के बदल होतो, इतकाच फरक. सतत प्रवासात असणाऱ्यांनी जरूर घ्यावा. मात्र आतल्या नळ्या झिजतात. बाहेर जाणारं पाणी थोडंसं जरी जास्त झालं, तरी ती तूट गोड्या पाण्याने भरली जाते आणि खारटपणा गुपचूप उतरत राहतो. मापाच्या नळकांड्यात दोन्हीकडचं पाणी अधूनमधून मोजावं लागतं. मला आठवड्यातून एकदा संपपाशी उभं राहणं आवडतं. गळती, पंपाचा बदललेला आवाज, हे तेव्हाच कळतं.

बेसमेंट नसेल तर? चाकांच्या तळावर ठेवलेलं एक पिंप, एक पंप आणि संडास किंवा सिंकपर्यंत पोचेल एवढी लांब नळी, एवढ्यावर फ्लॅटमध्येही हेच होतं. जुनं पाणी घरच्या सांडपाण्यातच सोडा. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात किंवा खाडीत कधीच नको. कॅलिफोर्नियात 2000 साली कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयांतलं शेवाळ खाजणात सापडलं, आणि ते पुरतं काढून टाकायला 2006 उजाडलं.

मावशीचा पुढचा प्रश्न असतो, हे पुण्यात करता येईल का? माशांच्या खाऱ्या टाकीला पाणी बदलायची हीच पद्धत तिथेही चालते. प्रवाळांचं मात्र वेगळं आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून दगडी प्रवाळं आहेत, त्यामुळे आपल्या समुद्रातून त्यांचा तुकडाही काढणं गुन्हा आहे. ती बघायची तर तिने मालवणला जावं. तिथला समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि पाणी नितळ असताना स्नॉर्केल लावून ती दिसतात.